हार्ड डिस्क ‘३००’वर अडकलीय? मदरबोर्ड बदलायच्या आधी हे वाचा

मागच्या आठवड्यात सिडकोतून मामेभावाचा फोन आला. “दादा, माझी हार्ड डिस्क अर्ध्याच स्पीडने चालतेय!” सोबत क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट. ट्रान्सफर मोडसमोर लिहिलं होतं, साटा/३०० आणि शेजारी साटा/६००. म्हणजे डिस्कला ६०० जमतं, पण जुना मदरबोर्ड ३००च देतोय. कॅनॉटमधल्या एका दुकानदाराने त्याला मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच बदलायला सांगितलेलं. मामांनी पैसे बाजूला काढूनही ठेवले होते. मी म्हटलं, थांब जरा.

३०० आणि ६०० हे डिस्कचे नव्हे, रस्त्याचे आकडे आहेत. सेकंदाला जास्तीत जास्त इतके एमबी तारेतून जाऊ शकतात. साटाचा वेग १.५, ३ किंवा ६ गिगाबिट असतो. ६ गिगाबिटला ८ने भागलं तर ७५० यायला हवेत, पण तारेवर एका बाइटसाठी १० बिट जातात, म्हणून ६००.

आता डिस्ककडे बघा. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. मोठी फाइल सलग वाचताना तिच्याकडून साधारण १५० ते २०० एमबी मिळतात. ३००चा रस्ताच भरत नाही, तर ६००चा घेऊन करायचं काय? आपल्या शहरात तर हे लगेच पटेल: नळालाच बारीक धार असेल, तर दोन इंची पाइप टाकून टाकी लवकर भरत नाही.

खरा वेळ जातो बारीक फाइल्समध्ये. दरवेळी हेड जागेवर न्यायला ८-९ मिलिसेकंद, वर अर्ध्या फेरीचे ४. सेकंदाला जेमतेम ७५-८० वाचनं होतात. प्रत्येक ४ केबीचं धरलं तर सेकंदाला ०.३ एमबी! विंडोज सुरू व्हायला वेळ लागतो तो यामुळे. तीच डिस्क आम्ही माझ्या कॉम्प्युटरच्या ६००च्या पोर्टला लावून बघितली. काही फरक नाही.

फोनमध्ये मात्र उलटं असतं. आतलं स्टोरेज वेगवान, पण टाइप-सी दिसत असूनही बऱ्याच फोनचा पोर्ट यूएसबी २.०चाच, अगदी आयफोन १५चासुद्धा. ६४ जीबी व्हिडिओ कॉपी करायला अर्धा तास जातो तो रस्त्यामुळे.

भावाने शेवटी फक्त साटा एसएसडी घेतली. ३००च्या पोर्टवर तिचा सलग वेग अर्धा होतो, हे खरं. पण तिच्यात हेड हलवायचा प्रश्नच नाही, म्हणून कॉम्प्युटर झटकन सुरू होतो.

हां, १५० दिसलं तर जरा तपासा. जुन्या सीगेट डिस्कवर वेग १.५वर बांधणारा छोटा जंपर असायचा, तो काढता येतो. सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला.

आणि बायोसमध्ये साटा मोड आयडीई असेल, तर एसएसडीवर नवीन विंडोज टाकण्याआधीच एएचसीआय करा. चालू विंडोजवर थेट बदललं की निळी स्क्रीन येऊ शकते. आमच्या भावाने नेमकं तेच केलं, आणि रात्री साडेअकराला परत फोन.