मालीश करण्याआधी पाणी

मार्च उलटला की विहारातल्या आरोग्य तपासणीला येणाऱ्या भगिनींच्या तोंडी एकच तक्रार असते. अंग मोडून आलंय, पोटऱ्यांत गोळे येतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. कुणी वीटभट्टीवर जाते, कुणी इमारतीच्या कामावर घमेली वाहते, कुणी पहाटे पाचला झाडू घेऊन शहर झाडायला निघते. उपाय त्यांनी आधीच करून पाहिलेला असतो. कोमट तेलाने पाय चोळून घेतलेले असतात आणि औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळीही आणलेली असते. आम्ही विचारतो, दिवसभरात पाणी किती प्यालात? उत्तर येते, "कामावर पीतच नाही. मग जायचं कुठे?"

या उत्तरात निम्मे दुखणे आहे.

आपल्या स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. भर उन्हात जड काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. तेवढे पाणी भरून आले नाही की रक्तातला पातळ भाग कमी होतो, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात आणि राबणाऱ्या स्नायूला रक्त पुरेसे मिळत नाही. काम तेवढेच, पण थकवा लवकर येतो. ओझे उचलून स्नायूच्या धाग्यांना ज्या बारीक इजा होतात त्या भरून यायला रक्त लागते, जेवणातली डाळ लागते आणि झोप लागते. अशा कामाचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवते, ते यामुळेच. पाणी प्याल्याने ते जादूने जाणार नाही, पण पाणी नसेल तर शरीराला दुरुस्तीचे काम नीट करता येत नाही. घामातून मीठही जाते. उन्हातल्या कामानंतर पोटरीत येणाऱ्या गोळ्यांमागे बहुधा हे दोन्ही असते.

मालीश वाईट नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा जो भाग आहे, त्यात पाय फुटलेल्या भिक्खूला पायाला तेल चोळण्याची आणि अंगदुखीवर घाम काढणाऱ्या शेकाची परवानगी भगवंतांनी दिलेली आहे. मालीश केल्याने आखडलेला स्नायू सैल होतो, दुखणे काही वेळ उतरते, झोप लागते. (घरातल्या सगळ्यांचे पाय चेपणाऱ्या बाईचे पाय कोण चेपते, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.) मात्र शहरातल्या मसाज केंद्रांत सांगतात की मालीशने अंगातले विष मोकळे होते आणि ते धुऊन काढायला वरून भरपूर पाणी प्यावे. त्यात तथ्य नाही. शरीरातली घाण काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करतात, त्यांना तेलवाल्याची गरज नसते. पाणी प्यायचे ते घाम गेला म्हणून. मालीश करून घेणाऱ्याने ते आधीच प्यालेले बरे, नाहीतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

काही वेळा चोळणे धोक्याचे असते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळू नये, दवाखाना गाठावा. खूप कष्टानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू आतून तुटून त्यांचा अंश मूत्रपिंडात अडकत असतो. तिथे एक दिवसही थांबू नये. आणि ती दुखण्याची गोळी! डायक्लोफेनॅक किंवा तिच्या जातीची गोळी पाणी कमी असलेल्या शरीरात गेली तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. महिनोन्महिने ती खाणाऱ्या बाया आम्ही पाहतो, तेव्हा काळजी वाटते.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात पाणी कमी पडले की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे, पाठ, हातपाय असह्य दुखतात. घरचे म्हणतात, वात आला, चोळून द्या. अशा वेळी पाणी आणि ऊबदार शेक द्यावा. हलक्या हाताने चोळले तर हरकत नाही, पण बर्फ लावू नये. थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. सोबत ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर सरळ रुग्णालयात न्यावे.

आता काय प्यावे. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहानेची वाट न पाहता. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको, निव्वळ पाण्याचा भडिमार झाला तर रक्तातले मीठ पातळ होते. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चालले आहे असे समजावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. या मिश्रणाला स्वस्त म्हणून हिणवू नका. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आपली अंबील, ताक, भाताची पेजही चांगली. महावग्गात ‘लोणसोवीरक’ नावाच्या आंबट-खारट पेजेचा उल्लेख आहे. आजाऱ्याने ती तशीच घ्यावी आणि निरोग्याने पाणी घालून प्यावी, अशी मुभा तिथे आहे. अंबिलीचीच कुणी जुनी बहीण असावी. मधुमेह, रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मीठ, साखर आणि पाण्याचे माप डॉक्टरांना विचारून ठरवावे. अंग दुखते म्हणून संध्याकाळी दारू घेणाऱ्या भावांसाठी : पाचवे शील क्षणभर बाजूला ठेवले तरी दारूने लघवी वाढते, उरलेसुरले पाणीही जाते आणि सकाळी अंग आणखी ठणकते.

पण हे सगळे वाचून कामावर गेलेली बाई पाणी पिणार नाही, कारण तिथे संडास नाही. आडोसा शोधावा लागतो, मुकादमाचे बोलणे ऐकावे लागते. म्हणून ती तहान मारते, लघवी दाबते, मग उन्हाळी लागते, संसर्ग होतो. तिला "पाणी पीत जा" असे सांगणे सोपे आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले तो माणूस म्हणून हक्क सांगण्यासाठी. कामाच्या जागेवर पाण्याला हात लावायला आज कुणी अडवत नसेल, तरी प्यायची सोय नसणे हेही अडवणेच आहे. पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह देण्याची जबाबदारी मालकावर आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ती आली, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आणि १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातही आली. आता हे कायदे नव्या संहितेत घातले गेले, तरी जबाबदारी कायम आहे.

मुकादमाकडे एकटीने जाऊ नका. पाच-सहा जणींनी मिळून लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, एक प्रत कामगार अधिकाऱ्यांना पाठवा. अर्जात एवढेच लिहा : बाया किती, कामाचे तास किती, पाणी किती लांब, संडास आहे की नाही. लिहिता येत नसेल तर तपासणीच्या दिवशी विहारात या, आम्ही लिहून देऊ. येताना कामाच्या जागेचा पत्ता आणि ठेकेदाराचे नाव तेवढे आणा.