हिरवाईचा हट्ट

आमच्या सोसायटीने यंदा 'पर्यावरणपूरक लँडस्केपिंग'चं कंत्राट दिलं. आराखड्यात फुलपाखरं होती, देशी झाडांची यादी होती. प्रत्यक्षात उतारावर अंथरली गेली सिंगापूर डेझी. पिवळी फुलं, चकचकीत पानं आणि मातीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं. आययूसीएनच्या जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींत ती आहे, हे कंत्राटदाराच्या कानावर घातलं. तो म्हणाला, ''पण सर, मेंटेनन्स झीरो!''

पुण्याच्या टेकड्या याच मोहाने बिघडल्या.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. घाणेरी आणि जलपर्णी शोभेसाठी आणल्या गेल्या. गाजरगवताची नोंद पुण्यात 1955-56च्या सुमारास झाली. ते अमेरिकी गव्हाबरोबर आलं असं मानतात आणि त्याचं खापर काँग्रेसवर फुटलं. ही तणं हौसेने किंवा नकळत आली. ऐंशीच्या दशकात मात्र आपण ठरवून, सरकारी खर्चाने, शाळकरी पोरांना कामाला लावून टेकड्या परक्या झाडांच्या ताब्यात दिल्या.

बहात्तरचा दुष्काळ तेव्हा विस्मरणात गेला नव्हता. उघडी जमीन दिसली की खड्डा खणायचा, एवढंच वनीकरण सगळ्यांना ठाऊक. सुबाभूळ झपाट्याने वाढते, चारा देते, सरपण देते. मणिभाई देसाईंच्या बायफ या संस्थेने ती शेतकऱ्यांपर्यंत नेली. बांधावर विळा फिरत असेपर्यंत ठीक होतं. टेकडीवर छाटणार कोण? शेंगा तडकल्या आणि प्रत्येक झाडाखाली रोपांचं रान माजलं. 1988च्या सुमारास सिला ही कीड पडल्यावर सुबाभळीचा तोरा थोडा उतरला, पण तोवर गिरिपुष्प या दुसऱ्या परक्या झाडाने वेताळ टेकडी, पर्वती-पाचगाव व्यापायला घेतलं होतं. फांदी खोचली तरी जगतं, शेळी सहसा तोंड लावत नाही, वणव्यानंतर पुन्हा फुटतं. जगलेली रोपं मोजून दाखवायची असतील, तर याहून सोयीचं झाड कुठलं?

त्याआधी तिथे काय होतं? कागदोपत्री 'पडीक'. पावसाळा सरताना कुसळी, मारवेल, पवन्या गुडघ्याच्या वर यायचं. चंडोल गवतातून उठून गात गात वर चढायचा. कातळाच्या कडेला, गवताच्या आधाराने, बोटभर फुलांची खर्चुडी सापडायची. गिरिपुष्पाची सावली दाटली तसं गवत विरळ झालं आणि उघड्या माळाचे पक्षी हटले. हे बोललं की 'झाडांचे वैरी' म्हणून आमची बोळवण व्हायची. प्रकाश गोळ्यांनी 1982मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी काढली आणि निसर्ग सावरण्याचं शास्त्र शिकवायला घेतलं. ऐकणारे थोडे, खड्डे खणणारे उदंड.

पुढच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडंच. 2016ला 2 कोटी, मग 4, 13, आणि 2019ला 33 कोटी वृक्षलागवडीचं सरकारी लक्ष्य. आकडे वाढत गेले, विचार तिथेच राहिला.

आता दुसरं टोक. गिरिपुष्प परकं आहे ना, मग सरसकट तोडा! तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटतात, जमिनीवर ऊन पडतं आणि घाणेरी, रानमोडी ती जागा पटकावतात. टप्प्याटप्प्याने विरळणी करावी, शेंगा पिकण्याआधी छाटावं, मोकळ्या फटीत धावडा, सालई, मेडशिंग लावावं आणि माळ माळच राहू द्यावा. घाणेरीसाठी दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबूंनी रुजवलेली रीत सोपी आहे: फळं धरण्याआधी, जमिनीखाली दोन-तीन बोटं मूळ तोडायचं, झुडूप उलटं करून टाकायचं आणि तिथे लगेच गवत पेरायचं. मग पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली पुन्हा पुन्हा फिरून नवी रोपं उपटायची. हे किचकट, चिकाटीचं काम. त्याला ना उद्घाटन, ना फोटो.

म्हणून निविदेत रोपांच्या संख्येइतकीच ठळक ओळ हवी: तीन पावसाळे निंदणी, आणि शेवटचा हप्ता ती पाहूनच. एवढी तयारी नसेल, तर खड्डे खणू नयेत. उघडा माळ तसाच सोडण्याला एक पैसाही लागत नाही.