येता-जाता लागणारा पिवळा दिवा

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी म्हण आहे. परंतु अधूनमधून डोके वर काढणाऱ्या दुखण्याची तऱ्हा निराळी. वैद्याच्या दारी जावे तो ते नाहीसे व्हावे, आणि घरी परतावे तो पुन्हा हजर! मोटारसायकलवरील ‘एबीएस’चा पिवळा दिवा पुष्कळदा असाच वागतो. राजवाड्याकडून पोलोग्राउंडच्या कारखान्यात रोज जा-ये करणाऱ्या एखाद्या चिरंजीवांच्या गाडीवर तो लागू लागला, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘ब्रेक लागतो आहे ना, मग झाले!’ दुसरा महागडा भाग बदलावयास निघतो. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात.

ही यंत्रणा मोटारसायकलवर प्रथम आली ती १९८८ साली, बीएमडब्ल्यूच्या के-१०० या गाडीवर. आपल्याकडे १२५ सी.सी.हून मोठ्या दुचाकींच्या नव्या नमुन्यांना ती १ एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या नमुन्यांना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. शेजारचा सेन्सर त्यावरून चाकाची गती ओळखतो. जोराने ब्रेक दाबताच चाक जखडू लागले, तर यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणार्धात अनेकदा सोडते व पुन्हा देते. गाडी सुरू करताना दिवा लागावा आणि ती थोडी चालताच विझावा, हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. चालत्या गाडीवर तो लागला, तर साधा ब्रेक बहुधा शाबूत असतो. मात्र चाक जखडू न देणारा रक्षक रजेवर गेलेला असतो. पहिल्या पावसात निसरड्या झालेल्या रस्त्यावर, रक्षक आहे या भरवशाने ब्रेक करकचून दाबणाऱ्यास ती रजा फार महाग पडते.

मग दोष शोधावा कसा? आधी हत्यार नव्हे, वही घ्यावी. दिवा केव्हा लागला याची आठवडाभर नोंद ठेवावी. पावसानंतर की गाडी धुतल्यावर? खड्ड्यात आदळल्यावर, की हँडल वळविताना? सकाळी पहिल्या खटक्यालाच, की टायर बदलून आणल्यापासून? निम्मे निदान या उत्तरांतच असते.

चिखल-पाण्यानंतर लागत असेल, तर सेन्सर पाहावा. माळव्याची काळी माती तेथे चिकटून बसते, आणि सेन्सरमध्ये चुंबक असल्यास ब्रेकच्या झिजेचा लोखंडी कीसही त्यावर जमतो. मऊ फडक्याने तो पुसावा. टायर बदलल्यापासून लागत असेल, तर कडे वाकले आहे काय, सेन्सर नीट बसला आहे काय, हे तपासावे. दोहोंमधील अंतर बहुधा मिलिमीटरभराचेच असते. नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मिळतो. हँडल वळविताना किंवा खड्ड्यात लागत असेल, तर तार कोठेतरी आतून तुटली असावी किंवा जोडणीत गंज असावा. उभ्या गाडीवर दिवा तसाही जळतच असतो. म्हणून तार हलवून पाहण्याचे काम मिस्त्रीने मीटर लावूनच करावे. सकाळीच लागत असेल, तर संशय बॅटरीवर घ्यावा. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या थोडे वर दाखविते. आणि गाडी मेन स्टँडवर घेऊन नुसते मागचे चाक फिरविल्याने दिवा लागला असेल, तर तो दोषच नव्हे. पुढचे चाक स्थिर पाहून यंत्रणा गोंधळलेली असते. गाडी बंद करून पुन्हा चालविताच तो बहुधा जातो.

एवढ्याने न भागल्यास गाडी दुरुस्तीस न्यावी, सोबत वहीही न्यावी. यंत्रणेच्या स्मृतीत दोषाचा संकेतांक साठलेला असतो. तो पुसण्यापूर्वी वाचून लिहून घेण्यास सांगावे. तो न वाचताच सर्वांत महागडा भाग बदलणे, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आपल्या शेजारीच, पीथमपूरच्या ‘नॅट्रॅक्स’ संकुलात, मुद्दाम निसरड्या केलेल्या पृष्ठभागांवर गाड्यांचे ब्रेक पारखले जातात. तेथे चालक सावध असतो व रस्ता मोकळा असतो. पोलोग्राउंडच्या वाटेवर ट्रक, सायकली आणि पायी चालणारे कामगार असतात. म्हणून दोष सापडेपर्यंत वेग कमी, पुढील वाहनापासून अंतर अधिक आणि ब्रेकवर हात हलका, हे पथ्य पाळावे. दिव्यावर चिकटपट्टी लावण्याचा उपाय मात्र कोणी सुचविला, तर त्यास घरातील वडीलधाऱ्यांनी स्पष्ट नकार द्यावा.