एकच लेसर, दोन तबकड्या

२००६ साली जपान-अमेरिकेतील ग्राहकांपुढे पेच पडला. घरी चित्रपट पाहण्यासाठी डीव्हीडीहून सरस अशा दोन तबकड्या बाजारात आल्या : तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी व तिच्या सहकाऱ्यांची ब्लू-रे. एकीच्या यंत्रावर दुसरी चालत नसे. घ्यावी कोणती?

आधी आपण त्यांतले विज्ञान पाहू. डीव्हीडी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल लेसरने वाचतात. या दोन्हींसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर होता. तरंगलांबी कमी, तसा प्रकाशाचा ठिपका बारीक आणि तेवढ्याच जागेत माहिती जास्त. मग एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ गिगाबाइट आणि ब्लू-रेच्या थरात २५, असे का? ब्लू-रेचे भिंग किरण अधिक रुंद कोनातून एकवटते. ठिपका आणखी लहान होतो. त्यासाठी माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर आणावा लागला. एचडी डीव्हीडीत तो डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटरवर राहिला. म्हणून तिचे उत्पादन सोपे होते.

निकाल मात्र केवळ विज्ञानाने लागला नाही. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने फक्त ब्लू-रेची निवड जाहीर केली. फेब्रुवारीत तोशिबाने माघार घेतली. एचडी डीव्हीडीवाल्यांची यंत्रे चालूच राहिली, नवे चित्रपट तेवढे थांबले. म्हणून यंत्र निवडताना त्यावर पुढे काय पाहायला मिळणार, हेही आपण विचारायला हवे.