मूक उत्परिवर्तन : अक्षर बदलले, अर्थ तोच!

बारावीला जनुकीय संकेताचे गुणधर्म लिहिताना 'एका अमिनो आम्लासाठी एकापेक्षा जास्त कोडॉन असतात' एवढी ओळ लिहून आपण मोकळे होतो. दोन गुण मिळाले, विषय संपला! पण या एका ओळीचा संबंध आपल्या केज परिसरातल्या कपाशीशीसुद्धा आहे. कसा, ते आज पाहू.

आधी साधा हिशोब. आरएनएमध्ये अक्षरे चारच : ए, यू, जी आणि सी. तीन अक्षरांचा एक शब्द म्हणजे कोडॉन. म्हणून ४ × ४ × ४ = ६४ कोडॉन. त्यातले यूएए, यूएजी आणि यूजीए हे तीन 'इथे थांबा' असे सांगतात. उरले ६१ आणि अमिनो आम्ले फक्त २०. मग काय होणार? एकाच आम्लाला अनेक शब्द. ल्युसिनला सहा, ग्लायसिनला चार. मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना मात्र एकेकच. हा संकेत उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खोराना, मार्शल नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल मिळाले.

आता उदाहरण घ्या. रक्तातल्या बीटा ग्लोबिनमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते, कोडॉन जीएजी. मधला ए जाऊन यू आला की जीयूजी होते, म्हणजे व्हॅलिन. झाला सिकलसेल! आपल्या राज्यात नंदुरबार, गडचिरोली भागातली कितीतरी कुटुंबे हा आजार सोसत आहेत. पण त्याच कोडॉनचे शेवटचे अक्षर बदलून जीएए झाले असते तर? तरीही ग्लुटामिक आम्लच. प्रथिन तेच. हेच मूक उत्परिवर्तन. ६१ कोडॉनमध्ये एकेक अक्षर बदलायच्या एकूण ५४९ शक्यता आहेत, त्यातल्या १३४ अशा मूक आहेत. म्हणजे जवळपास पाव चुका निसर्ग पोटात घालतो.

पण थांबा, 'मूक' म्हणजे नेहमीच निरुपद्रवी असे नाही. बीटा ग्लोबिनच्या २४ व्या कोडॉनमध्ये डीएनएतले जीजीटी बदलून जीजीए झाले तरी आम्ल ग्लायसिनच राहते. पण त्या बदलामुळे आरएनएची काटछाट चुकीच्या जागी होऊ लागते, ग्लोबिन कमी पडते आणि थॅलेसेमिया होतो.

आता कपाशीकडे या. पाणी, जल, नीर यांचा अर्थ एकच. पण हॉटेलात जाऊन 'जल आणा' म्हणून बघा, पोरगं तोंडाकडे बघत राहील! पेशींचेही तसेच असते, प्रत्येक सजीवाचे काही शब्द जास्त वापरातले असतात. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूचे अळीनाशक जनुक सुरुवातीला जसेच्या तसे वनस्पतीत घातले, तेव्हा प्रथिन फारच कमी तयार झाले. त्यात ए आणि टी अक्षरे जास्त होती, आणि काही ठिकाणी वनस्पतीची पेशी त्यांना 'संदेश इथे संपला' असे समजत होती. मग शास्त्रज्ञांनी जनुक नव्याने लिहिले. शब्द बदलले, अर्थ जवळपास तोच ठेवला. प्रथिन कितीतरी पटींनी वाढले. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिकोमार्फत भारतात आलेल्या बीटी कपाशीत असेच बदललेले जनुक आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या शेताशेतात समानार्थी कोडॉन उभे आहेत म्हणा ना!

पुढे गुलाबी बोंडअळीने या विषाला दाद देणे सोडले. भारतातल्या अशा अळ्यांमध्ये, ज्या प्रथिनाला विष चिकटते त्या कॅडेरिनचे संदेश बिघडलेले, काही तर मध्येच 'थांबा' म्हणणारे सापडले. हे बदल मूक नव्हते, आणि त्यांची किंमत शेतकऱ्याने मोजली.

म्हणून परीक्षेत फक्त 'मूक उत्परिवर्तनाचा काहीच परिणाम होत नाही' असे लिहू नका. 'अमिनो आम्ल बदलत नाही' असे लिहा, ते अचूक आहे.

घरचा अभ्यास : ट्रिप्टोफॅनच्या यूजीजी या कोडॉनमध्ये एकही मूक बदल का शक्य नाही? नऊही बदल वहीत लिहून तक्त्याशी ताडून पहा.