चाकांवरचं जग – ९ : ट्रेलर मागे घेताना

गेल्या आठवड्यात आपण घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, आणि ट्रेलर यांच्यातला सांधा पाहिला. घोड्याच्या पाठीवर ग्रीस फासलेली तबकडी, म्हणजे फिफ्थ व्हील, आणि ट्रेलरच्या पोटातून उतरून तिच्या खाचेत अडकणारी जेमतेम दोन इंच जाडीची किंगपिन. गाडी पुढे जात असते तेव्हा ड्रायव्हरला या सांध्याची आठवणही होत नाही. ट्रेलर मागून निमूट ओढला जातो, वळणावर थोडा आत कापतो, पुन्हा सरळ होतो. रिव्हर्स गिअर पडला की सगळा कारभार या एका सांध्याच्या हाती जातो.

आधी हे पाहू, की एवढी लांब गाडी मागे घ्यायची वेळच का येते. न्हावा शेव्याच्या टर्मिनलवर ती सहसा येत नाही. तिथे ट्रेलर लेनमध्ये सरळ शिरतो, क्रेन वरून कंटेनर उचलते किंवा ठेवते, आणि गाडी पुढच्या टोकाने बाहेर पडते. खरी पंचाईत होते ती माल गोदामाशी पोचल्यावर. नेहमीच्या कंटेनरला दार एकाच टोकाला असतं, आणि ट्रेलरवर ते टोक मागे ठेवलेलं असतं. म्हणजे ४० फुटांची, १२.१९ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद पेटी गोदामाच्या फलाटाला पाठ करूनच लावावी लागते. भिवंडीजवळ काल्हेर, पूर्णा, राहनाळ या भागांतली गोदामं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. गल्लीची रुंदी ठरवताना एवढी गाडी आडवी करावी लागेल हे कुणाच्या मनातही आलं नसावं. समोर दुसऱ्या गोदामाची भिंत, कडेला उभे टेम्पो, चहाची टपरी, आणि मधोमध आपला नवा ड्रायव्हर.

हा नवा ड्रायव्हर बहुधा अगदीच नवखा नसतो. सहाचाकी, दहाचाकी ट्रकवर त्याने काही वर्षं काढलेली असतात, आणि तीच सवय आता आडवी येते. साध्या ट्रकला मागे घेताना स्टेअरिंग उजवीकडे कापलं तर मागची बाजू उजवीकडे जाते. ट्रेलरचं उलट. स्टेअरिंग उजवीकडे कापल्यावर घोड्याची पाठ उजवीकडे सरकते आणि किंगपिनला, म्हणजेच ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, उजवीकडे ढकलते. ट्रेलर आपल्या मागच्या चाकांभोवती फिरतो आणि त्याची शेपटी डावीकडे जाते. काही शिकवणारे यावर एक सोपी युक्ती देतात: हात स्टेअरिंगच्या वरच्या कडेला नको, खालच्या कडेला ठेव, शेपटी जिकडे हवी तिकडे हात ने.

एवढं समजायला पाच मिनिटं पुरतात. म्हणूनच बहुतेक ठिकाणी शिकवणीही इथेच संपते, आणि घोळ इथूनच सुरू होतो. उलटं स्टेअरिंग फक्त पहिला बाक देण्यापुरतं असतं. बाक आल्यानंतर काय करायचं, हा खरा धडा.

पुढे जाताना सांध्यातला कोन आपोआप कमी होत जातो. ट्रेलर वाकडा असला तरी थोडं अंतर ओढला की रांगेत येतो. मागे जाताना तोच कोन आपोआप वाढतो. तळहातावर उभी काठी तोलताना जे होतं तेच इथे होतं: काठी जितकी कलते तितकी ती आणखी जोराने कलू लागते. ट्रेलरची किंगपिनपासून मागच्या चाकांच्या मध्यापर्यंतची लांबी ८ मीटर धरू. ४० फुटी ट्रेलरला ती साधारण तेवढी असते. सांध्यात फक्त ५ अंशांचा बाक आहे, स्टेअरिंग अगदी सरळ आहे, आणि गाडी मागे चालली आहे. ८ मीटर गेल्यावर हा बाक सुमारे साडेतेरा अंशांचा होतो. आणखी ८ मीटरनंतर जवळजवळ ३६ अंश. आणि त्यापुढच्या ८ मीटरमध्ये तो ८० अंश ओलांडतो, म्हणजे घोडा आणि ट्रेलर जवळजवळ काटकोनात येतात. याला जॅकनाइफ म्हणतात. आपल्याकडचे ड्रायव्हर ‘गाडी फोल्ड झाली’ म्हणून मोकळे होतात. लक्षात घ्या, या सगळ्या वेळात ड्रायव्हरने स्टेअरिंगला काहीही केलेलं नाही. न करणं हीच चूक.

या हिशेबात एक गोष्ट नवशिक्यालाच काय, जुन्यालाही चकवते. बाक किती वाढणार हे गाडी किती अंतर गेली यावर ठरतं, ती किती वेगाने गेली यावर नाही. ‘सावकाश घे’ हा सल्ला बरोबर आहे, पण त्याचं कारण बहुतेकांना वाटतं ते नाही. सावकाश घेतल्याने ट्रेलर कमी दुमडत नाही. ड्रायव्हरला विचार करायला वेळ मिळतो, एवढंच. ताशी ६ किलोमीटरने ते ८ मीटर पाच सेकंदांत संपतात, ताशी ३ ने साडेनऊ सेकंद मिळतात. आरशात बघायचं, शेपटी कुठे चालली ते ओळखायचं आणि हात हलवायचे, या तीन गोष्टींना पाच सेकंद कमी पडतात.

याच हिशेबातून आणखी एक विचित्र वाटणारी गोष्ट निघते. लांब ट्रेलर सोपा, आखूड अवघड. लांबी निम्मी झाली की तेवढाच बाक निम्म्या अंतरात तयार होतो. मोटारीमागे छोटी ट्रॉली लावून ती मागे घेणारा माणूस त्यामुळेच रडकुंडीला येतो. क्षणापूर्वी सरळ असलेली ट्रॉली बघता बघता आडवी झालेली असते, आणि एका मर्यादेपुढे स्टेअरिंग पूर्ण कापलं तरी ती मागे जाता जाता सरळ होत नाही. ४० फुटी ट्रेलर निदान आधी सूचना देतो. शिकण्यासाठी २० फुटी बरी, असं मालकाला वाटतं. मला विचाराल तर जागा मोकळी असेल तेव्हा उलट करावं.

आता प्रत्यक्ष हातांचं काम. फलाट उजव्या हाताला आहे, म्हणजे आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला. पहिलं काम मागे जाण्याचं नाहीच, पुढे जाण्याचं आहे. फलाटाच्या तोंडावरून सरळ पुढे काढायचं आणि थांबण्याआधी घोडा उजवीकडे वळवून ठेवायचा, म्हणजे सांध्यात हवा तो बाक आयताच मिळतो. निम्मा रिव्हर्स इथेच होतो. ही मांडणी बिघडली की पुढे कितीही हात चालवले तरी उपयोग नसतो. मग रिव्हर्समध्ये स्टेअरिंग थोडं डावीकडे, शेपटी उजवीकडे निघते. हवा तेवढा बाक आला, किंबहुना येण्याच्या जरा आधीच, स्टेअरिंग सोडायचं आणि उजवीकडे न्यायचं. म्हणजे घोडा ट्रेलरच्या मागोमाग त्याच कमानीत चालू लागतो. कोन वाढतही नाही, कमीही होत नाही. शेवटी उजवीकडे आणखी कापून घोडा ट्रेलरच्या रांगेत आणायचा. पहिलं उलट स्टेअरिंग सगळ्यांना येतं. मधलं ‘मागोमाग जाणं’ अंगात मुरायला वेळ लागतो, कारण हाताला तिथे अचानक उलटी दिशा सोडून सुलटी पकडावी लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी मेंदू पाच मिनिटांत शिकलेला नियम ओरडून सांगत असतो.

सरळ मागे जायचं असेल तर नियम आणखी साधा आहे. दोन्ही आरशांत ट्रेलरची बाजू सारखी दिसली पाहिजे. ज्या आरशात ती जास्त दिसू लागेल, स्टेअरिंग त्याच बाजूला, पण थोडंच, आणि लगेच परत. नवखा माणूस इथे दोन चुका करतो: उशिरा कापतो आणि जास्त कापतो. मग उजवीकडचं दुरुस्त करताना डावीकडे जातो, डावीकडचं करताना उजवीकडे, आणि गाडी नागमोडी मागे येते. आरशात बघायचं ते कंटेनरच्या कोपऱ्याकडे नाही, मागच्या टायरकडे. ट्रेलर फिरतो तो चाकांभोवती. कोपरा नुसता झुलतो.

डाव्या हाताचा फलाट म्हणजे वेगळीच परीक्षा. क्लिनर साइडला ट्रेलर दुमडला की डाव्या आरशात फक्त कंटेनरचा पत्रा दिसतो, शेपटी दिसत नाही. उजव्या आरशात रस्ता आणि आभाळ. आरसे घोड्याला लावलेले असतात, ट्रेलरला नव्हे, त्यामुळे घोडा वळला की तेही वळतात. अनुभवी ड्रायव्हर शक्य असेल तर पुढून वळसा घालून येतो आणि फलाट आपल्या बाजूला घेतो. दहा मिनिटं जातात, पण डोळे मिळतात. वळसा घालता येत नसेल तर क्लिनरच्या ‘येऊ दे, येऊ दे, बास’ वर भरवसा. त्यातही क्लिनर आरशात दिसतो आहे तोवरच गाडी हलवायची. तो दिसेनासा झाला की ब्रेक, मग आवाज येत असला तरी. गोदामापाशी हौशी मार्गदर्शक चार जमतात, आणि चौघांचे हात चार दिशांना असतात. एकालाच ऐकायचं. आणि शंका आली तर हँडब्रेक ओढून खाली उतरायचं, चालत मागे जाऊन बघायचं. मागे बघता बघता पुढचंही विसरायचं नाही: शेपटी फलाटाकडे जाते तेव्हा घोड्याचं तोंड गल्लीभर फिरत असतं, आणि उभी मोटारसायकल आडवी होते ती बहुधा त्या तोंडाने.

यापेक्षा मोठा अडसर मात्र हातांत नसतो, मनात असतो. बिघडलेला रिव्हर्स दुरुस्त करायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे गाडी पुढे घेणं. थोडं पुढे, ट्रेलर आपोआप सरळ, पुन्हा मागे. नवा ड्रायव्हर ते करत नाही, कारण दहा माणसं बघत असतात आणि मागे हॉर्न वाजत असतात. एका दमात लावणारा तो उस्ताद, अशी समजूत. १९८९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डेरिक न्युएन आणि बर्नार्ड विड्रो यांनी संगणकावरच्या एका न्यूरल नेटवर्कला ट्रेलर फलाटाला लावायला शिकवलं. यंत्रशिक्षणाच्या इतिहासात हा प्रयोग गाजला. त्यातल्या ट्रकला पुढे जायची मुभाच नव्हती, फक्त मागे. ते जमायला त्याला हजारो फेऱ्या लागल्या. त्याला शिकवलं कसं, हेही बघण्यासारखं आहे: आधी फलाटाजवळून सोप्या स्थितीतून, मग हळूहळू लांबून आणि वाकड्या स्थितीतून. आपल्याकडे उलट. पहिलाच धडा भिवंडीच्या गल्लीत, भरलेल्या कंटेनरसह, आणि पुढे घेतलं की हसणारे हजर. यंत्राला नसलेली सवलत माणसाला असताना ती न वापरणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

शिकायला मोकळी जागा मिळत नाही, हे याचं मूळ. ब्रिटनमध्ये सांध्याच्या लॉरीसाठी ‘सी प्लस ई’ हा परवान्याचा वेगळा वर्ग आहे. रिव्हर्स आणि ट्रेलर सोडणं-जोडणं यांची परीक्षा २०२१ पासून रस्त्यावरच्या परीक्षेहून वेगळी, बंद आवारात घेतली जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने मध्यम आणि अवजड गाड्यांचे वेगवेगळे वर्ग गेले आणि ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग उरला. टेम्पो आणि ४० फुटी ट्रेलर कायद्याच्या त्या एका शब्दाखाली शेजारी बसले. बाकीचं शिक्षण उस्तादाकडे, क्लिनरच्या सीटवर बसून, मालकाच्या डिझेलवर. उस्ताद चांगला मिळाला तर नशीब.

एका सांध्याने एवढं छळलं, मग दोन-तीन असले तर? त्याचं उत्तर पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात रोज दिसतं. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस दांडीसकट फिरतो, म्हणजे एका ट्रॉलीचेच दोन सांधे, दोघींचे मिळून चार. प्रत्येक सांधा आपापला बाक वाढवणार, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या हातात स्टेअरिंग एकच. ही रांग कुणी मागे घेत बसत नाही. फडाच्या वाटेवर अडकली तर मागची ट्रॉली सोडतात, पुढची काढतात, मग दुसरी ओढतात. ऑस्ट्रेलियातल्या रोड ट्रेनचे ड्रायव्हरही अडचणीच्या जागी हेच करतात: ट्रेलर सुटे करून एकेक लावतात.

वाचकांपैकी जे दुचाकी किंवा मोटार चालवतात त्यांना एक विनंती. रस्त्यात ट्रेलर आडवा होऊन मागे जाताना दिसला तर त्याच्या शेपटीमागून निसटू नका, आणि घोड्याच्या तोंडापुढूनही नको. ज्या बाजूला ट्रेलर दुमडला आहे त्याच्या विरुद्ध बाजूचं ड्रायव्हरला काहीही दिसत नसतं. हॉर्नने त्याचा आरसा वळत नाही. दोन मिनिटं थांबा, म्हणजे त्याला एकदा पुढे घ्यायची हिंमत होईल.

पुढच्या आठवड्यात : एअर ब्रेक, आणि हवा गेली की ट्रेलर जागेवर का अडकतो.