सशाला झटका का येतो?

पाळलेला ससा एकाएकी आडवा पडतो, पाय झाडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा गवत खाऊ लागतो. ‘फिट आली’ असे आपण म्हणतो. पण फिट हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे.

सोलापुरात उन्हाळ्यात पहिला संशय उष्म्यावर घ्यावा. एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४० अंशांपुढे जातो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही; तो बरीचशी उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो. भोवतालची हवाच शरीराहून तापली की हा मार्ग खुंटतो. ससा धापा टाकतो, पुढे झटकेही येतात. अशा वेळी त्याला सावलीत न्यावे, कान साध्या पाण्याने ओले करावेत आणि लगेच पशुवैद्यकाला दाखवावे.

झटके थंडीतही येत असतील तर? विषबाधा असू शकते, किंवा ‘एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय’ हा परजीवी. तो सशाच्या लघवीतून पसरतो; मेंदूत व मूत्रपिंडात ठाण मांडतो. रक्तात त्याची प्रतिपिंडे सापडली म्हणजे कारण सापडले का? नाही. धडधाकट दिसणाऱ्या अनेक सशांतही ती असतात. परजीवीशी कधीतरी गाठ पडली, एवढेच त्यांवरून कळते.

म्हणून शाळेत ससा असल्यास विद्यार्थ्यांकडून नोंदवही ठेवून घ्यावी: तारीख, वेळ, तापमान, खाद्य, झटका किती वेळ टिकला. पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत. कारण ठरवताना पशुवैद्यकाला या नोंदींचा मोठा आधार होतो. आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हेही मुलांना उमगते.